चिंधूभाऊंचं राज्य

मोहटोल्याच्या खाणीत मी टाइम ऑफिसात बाबू म्हणून लागलो, त्याच आठवड्यात मला कळलं की इथे मॅनेजर दोन आहेत. एक टेकडीवरच्या बंगल्यात राहतात, त्यांना पगार कंपनी देते. दुसरे कामगारांच्या लाइनीत चौदा नंबरच्या खोलीत राहतात, रोज डोक्यावर दिवा लावून जमिनीखाली उतरतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय बंगल्यातले साहेब शिंकतही नाहीत. या दुसऱ्यांचं नाव चिंधू सुखदेवे. सगळे त्यांना चिंधूभाऊ म्हणत. साहेबसुद्धा.

आज चिंधूभाऊ नाहीत. त्यांच्याविषयी लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. खाणीत आलेल्या नव्या पोरांना ते माहीत नाहीत आणि जुन्यांना त्यांची आठवण काढायची लाज वाटते. त्या लाजेत माझाही वाटा आहे, म्हणून लिहायला बसलो.

मोहटोला तुमसरच्या पलीकडे, चिखल्याहून चार कोसांवर. खाली मॅंगनीज, वर साग, मोह आणि काळी धूळ. ती धूळ कानात, नखात, भाकरीतसुद्धा. लाइनीतल्या बायका म्हणायच्या, आमच्याकडे काजळ विकत आणावं लागत नाही. चिंधूभाऊ या धुळीत सतराव्या वर्षी आले. पुढच्याच वर्षी, छप्पन साली, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव पोत्यात भरून बावनथडीत सोडून दिले. त्या वेळी खाणीच्या तोंडाशी पाण्याचे दोन रांजण असत. एक सगळ्यांचा आणि एक यांच्या जातीच्या माणसांचा. चिंधूभाऊंना नदीवरून येऊन महिना झाला नसेल, तो दुसरा रांजण फोडला आणि पहिल्यातलं पाणी प्यायले. मार खाल्ला, कामावरून निघाले, दीड वर्षानं परत लागले, तेव्हा कागदावर वय तीन वर्षं कमी लागलं. ज्यांनी मारलं त्यातलेच चौघे पुढे त्यांच्या युनियनच्या कमिटीवर होते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दिसायला काही नव्हतं हो. ठेंगणे, काळे, पुढचे दोन दात नाहीत. पण आवाज असा की गेटवर बोलले तर बंगल्यातल्या बाईंनी खिडकी लावून घ्यावी. अक्षरओळख सहीपुरती. त्यामुळे युनियनची पत्रं मीच चोरून लिहून देत असे. कंपनीचा बाबू, कंपनीच्या शाईनं, कंपनीला धमकी लिहितोय, याचं त्यांना फार हसू यायचं. "बाबू," ते म्हणायचे, "जिचं मीठ खाता तिचीच शाई सांडून राहिले. नरकात जासान." आणि वर पत्र पुन्हा वाचून दाखवायला लावायचे.

त्यांचं राज्य म्हणजे काय होतं ते सांगतो. एकोणऐंशी साली मंगरू नावाचा कामगार छत कोसळून खाली मेला. आमच्याकडे रीत अशी की खाणीत मेलेला माणूस तुमसरच्या दवाखान्यातून चिरफाड होऊन आला की आधी घरी जायचा नाही. गेटासमोर बाज टाकायची, तिच्यावर त्याला ठेवायचं, बाजूला लाल बावटा रोवायचा. मग खाण थांबायची. मेलेल्याच्या घरातल्या एकाला कंपनी कामावर घेते, असा कागद साहेबांच्या सहीनं बाहेर आला की चिंधूभाऊ एकच शब्द बोलायचे, "उचला." तो शब्द येईपर्यंत बाजेला कोणी हात लावत नसे, सख्खा भाऊसुद्धा नाही. मंगरूच्या वेळी खाण चार दिवस बंद होती. पहिल्या दिवशी तिसऱ्या प्रहरीच सही आली, पण चिंधूभाऊ म्हणाले, आता तीन दिवस दुखवटा. आणि साहेबांनी तोही पाळला. मंगरूची बायको रुखमिणी मॅंगनीज निवडायच्या कामावर लागली, पंचवीस वर्षं नोकरी करून सन्मानानं घरी बसली. तिचा तेव्हा चार वर्षांचा भुपेंद्र त्या नोकरीवर वाढला.

चौऱ्याऐंशीच्या संपात मात्र एक गाठ बसली. संप एकेचाळीस दिवस चालला. पस्तिसाव्या दिवशी ठेकेदारानं बालाघाटकडून माणसं आणली आणि मागच्या जंगलाच्या वाटेनं खाणीत उतरवली. पोटापाण्याला आलेली माणसं, त्यांना संप काय नि बावटा काय. पण चिंधूभाऊंच्या जिव्हारी लागलं. संप कसाबसा निभावला, आणि पुढच्या सभेत त्यांनी नियम करून टाकला: ज्याच्या नावचा बिल्ला तो आपला. बाकी कोणी नाही.

बिल्ला म्हणजे रुपयाएवढी पितळी चकती, तिच्यावर नंबर. कायम कामगार पाळीच्या आधी माझ्या खिडकीतून आपला बिल्ला घेई, वर आला की परत देई. एखादा बिल्ला परत आला नाही तर माणूस खाली अडकलाय असं समजायचं. ठेकेदाराच्या माणसांना बिल्ला नव्हता. ते वर ढिगाऱ्यावर काम करायचे, ट्रक भरायचे, आणि त्यांची हजेरी ठेकेदाराच्या मुनशीच्या खिशात असायची. तेव्हा असे होते तीस-चाळीस. त्यांना युनियनमध्ये घ्यायचं नाही या नियमावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मोठी सत्ता पडते तेव्हा आवाज होत नाही, निदान आतल्या माणसाला तरी ऐकू येत नाही. रशिया फुटला त्या वर्षी गेटसभेत कोणीतरी चिंधूभाऊंना विचारलं, आता आपल्या बावट्याचं कसं? ते म्हणाले, "तिथले माणसं कच्चे होते. आपले पक्के हायेत." लोक हसले. नव्याण्णवला भंडाऱ्यातून गोंदिया निघून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा युनियनची जिल्हा कमिटीही फाटली. तिकडचे बिडीवाले तिकडे राहिले, त्यांच्याबरोबर कमिटीची सतरंजी नि लाउडस्पीकरही गेला. चिंधूभाऊ म्हणाले, "जाऊ द्या. माह्या गळ्याले स्पीकर लागत नाई." त्यावरही लोक हसले, पण थोडे कमी. कारण तोवर हसायला माणसंच कमी उरली होती. कंपनीनं भरती बंद केली होती. कोणी निवृत्त झाला, कोणी आजारी पडून घरी बसला, की त्याचा बिल्ला माझ्या कपाटात जायचा आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस यायचा. आधी फक्त ढिगाऱ्यावर, मग ट्रॉलीवर, मग खालीसुद्धा. रोज सकाळी बिल्ले वाटून झाले की मी कपाटातल्या खिळ्यांवर नजर टाकत होतो. रिकामे खिळे कमी होत होते, लटकलेले बिल्ले वाढत होते. मी पाहत होतो आणि कोणाला बोललो नाही.

शहाण्णवची भरती शेवटची ठरली. युनियननं बारा नावं द्यायची होती. पहिलं नाव चिंधूभाऊंनी मंगरूच्या भुपेंद्रचं सांगितलं, मी लिहिलं. बारावं अश्वजितचं. अश्वजित हा त्यांचा एकुलता एक मुलगा, बारावी पास, उंचापुरा, बापाच्या अगदी उलट हळू बोलणारा. मी म्हटलं, "चिंधूभाऊ, पोराचं नाव जरा वर घेऊ का?" ते माझ्यावर असे खेकसले की दौत सांडली. "घरचं माणूस शेवटी, बाबू. नाईतर लोक काय म्हणतीन?" कंपनीनं अकरा घेतले.

आजकाल असं सांगितलं की लोक म्हणतात, काय खुळा माणूस! मला ते खूळ आवडायचं. पण त्या खुळाची किंमत त्यांनी स्वतः नाही भरली, पोरानं भरली, हेही खरं आहे.

अश्वजित चार वर्षं इकडे तिकडे फिरला. वरठीच्या कारखान्यात कोणाच्या तरी बदली काम केलं, पवनीकडे धान कापायला गेला, आणि लग्न झाल्यावर मुकाट्यानं ठेकेदाराकडे ट्रक भरायला लागला. बाप रोज सहा वाजता गेटातून आत जायचा, मुलगा त्याच गेटाच्या बाजूच्या फाटकातून. बाप बिल्लेवाला, मुलगा बिनबिल्ल्याचा. घरी एका ताटात जेवायचे. सत्यभामाबाई, चिंधूभाऊंच्या पत्नी, तेव्हा होत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "बाबूजी, घरात दोन खाणी झाल्या आता."

दोन हजार एक सालची गोष्ट. रविवार होता. युनियनच्या खोलीत मी कागद घेऊन बसलो होतो, कमिटी जमली होती. दारात अश्वजित उभा राहिला. त्याच्या मागे त्याच्याबरोबर ट्रक भरणारा हिरालाल, आणि त्याच्या मागे ठेकेदाराकडची चाळीस-पंचेचाळीस माणसं, अंगणभर. अश्वजित बापाला म्हणाला, "आमी युनियनमंदी याले आलो. आमचे नावं लिवून घ्या."

चिंधूभाऊ म्हणाले, "युनियन बिल्लेवाल्याची हाय."

"बाबा, बिल्ला आता कोणालेच भेटून नाई राहिला. काम आमीच करून राहिलो. पाच-दहा वर्षांत सारेच बिनबिल्ल्याचे राहतीन. मंग तुमी नेते कोणाचे?"

चिंधूभाऊ ताडकन उठले. मला वाटतं, अश्वजितनं हेच एकांतात सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण चारचौघांत, आणि तेही पोरानं. ते म्हणाले, "बापलेक घरी. इथं नाई. चौऱ्याऐंशीत मागच्या वाटेनं आले ते कोण होते? ठेकेदाराचेच होते ना? जाय." कमिटीतले दोघे हसले. हिरालालनं हातातली टोपी डोक्यावर घातली आणि सगळे आले तसे गेले. अश्वजित शेवटी गेला. जाताना त्यानं बापाला जयभीम केला.

मला तेव्हा चिंधूभाऊंचं पटलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मागाहून शहाणपण सांगायला सगळेच पुढे असतात, मीही असेन.

त्यानंतर दोन वर्षांत भुपेंद्रनं नवी युनियन काढली. भुपेंद्र शिकलेला, मोबाइलवाला, साहेबांशी हिंदीत बोलणारा. त्याची युनियन भांडायची नाही, बोलणी करायची. दिवाळीला मिठाई, मुलांना दप्तरं. बिल्लेवाले एकेक करून तिकडे गेले. जाताना चिंधूभाऊंच्या पाया पडून गेले, हे विशेष. तीनशे चाळीस होते त्यांचे एकवीस उरले, आणि त्या एकवीसमधले निम्मे निवृत्त. चिंधूभाऊही निवृत्त झाले होते, पण रोज पाळीच्या वेळी धुतलेला सदरा घालून गेटावर येऊन उभे राहायचे. गेटाचा शिपाई उठून नमस्कार करायचा. नमस्कार सगळेच करायचे. नमस्कारावरून राज्य आहे की गेलं ते कळत असतं तर फार सोपं झालं असतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात ढिगाऱ्याची कड घसरली आणि खाली ट्रक भरत असलेला अश्वजित तिच्यात गेला. ठेकेदारानं कड उतरती न करता उभीच कापली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. उकरून काढेपर्यंत संपला होता. एकतीस वर्षांचा. घरी बायको हर्षा आणि पाच वर्षांची रुचिता. सत्यभामाबाई दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. सुटल्या म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अश्वजित तुमसरहून आला. चिंधूभाऊंनी ट्रॉली घराकडे वळू दिली नाही. गेटासमोर बाज टाकली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते लांब शरीर बाजेवर मावत नव्हतं, पाय बाहेर येत होते. बाजूला त्यांनी बावटा रोवला. जमीन तापून दगड झाली होती, काठी आत जाईना, तेव्हा दोन धोंड्यांमध्ये उभी केली. हर्षा उशाशी बसली. बर्फाच्या दोन लाद्या होत्या, त्यांच्यावर गोणपाट.

काय हवं होतं ते साधं होतं. हर्षाला कंपनीत नोकरी. मंगरूच्या रुखमिणीला मिळाली तशी. त्यासाठी दोन वाजताच्या पाळीनं आत जायचं नाही, एवढंच व्हायला हवं होतं. फक्त एक पाळी. चिंधूभाऊंना याची इतकी खात्री होती की त्यांनी मला खिडकीपाशी येऊन सांगितलं, "बाबू, आज बिल्ले वाटाची गरज नाई पडणार. जेवून घ्या."

एक तरुण अधिकारी बाहेर आला. सभ्य होता. हात जोडून म्हणाला, "दादाजी, हमें बहुत दुख है. लेकिन ये हमारा वर्कर नहीं था." चिंधूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. अशा कित्येक साहेबांना त्यांनी याच जागी घाम फोडला होता.

पावणेदोनला पाळीची माणसं यायला लागली. मोटारसायकली लावल्या, टोपी काढली, बाजेजवळ येऊन मान खाली घातली, चिंधूभाऊंना हात जोडले आणि कडेला उभे राहिले. शंभरावर माणूस जमला. चिंधूभाऊंना वाटलं, थांबले. मलाही वाटलं. ते बाजेपाशी उभे राहून बोलले. आवाज फाटला होता, पण पोचत होता. "मी तुमाले आजवर माह्यासाठी काई मांगलं नाई," ते म्हणाले. "आजही माह्यासाठी नाई मांगत. हे पोरगी पाहा. एक पाळी थांबा. एकच."

सगळ्यांनी भुपेंद्रकडे पाहिलं. भुपेंद्र पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. अश्वजित आणि तो एका बाकावर शिकले होते.

"चिंधूबा," तो म्हणाला, "अश्वजित माहा दोस्त होता. पण त्याच्याजवळ बिल्ला नवता. ठेकेदारीवाल्यासाठी खाण बंद केली त कंपनी आमाले सोडणार नाई. आन हा नियम आमी नाई केला. तुमीच केला होता."

चिंधूभाऊंनी कलंडणारी बावट्याची काठी धरून सरळ केली.

गर्दीतून म्हातारी रुखमिणी आली, भुपेंद्रची आई. तिनं मुलाचं मनगट धरलं. "तुहा बाप याच जागी होता रे, त्याच्यासाठी खाण चार दिवस बंद होती. याच जागी. आतमंदी पाय नोको टाकू." भुपेंद्रनं तिची बोटं हळूच एकेक करून सोडवली. "आई, ऊन हाय. घरी जाय," म्हणाला.

भोंगा वाजला.

माणसं माझ्या खिडकीकडे आली. रांगेनं, खाली पाहत. नंबर सांगत होती आणि मी बिल्ले देत होतो. एकशे बारा दिले. मी खिडकी लावून घेऊ शकलो असतो. दहा मिनिटं, पाच मिनिटं, काहीतरी. माझी चार वर्षं नोकरी उरली होती. मुलीचं लग्न व्हायचं होतं. कारणं माझ्याकडे भरपूर होती आणि हात थरथरतसुद्धा नव्हते. इतक्या वर्षांची सवय. माणसं पुन्हा एकदा बाजेला नमस्कार करून आत गेली. त्या नमस्काराची मला आजही चीड येते. शिव्या देऊन गेली असती तर बरं झालं असतं.

चिंधूभाऊ तासभर तसेच उभे होते. मग हर्षाला काहीतरी सांगून चालू लागले. नाल्यापलीकडे ठेकेदाराच्या माणसांची टोली होती, झोपड्यांची, तिथे गेले. इतकी वर्षं खाणीत काढून त्या टोलीत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. हे मला हिरालालनं पुढे सांगितलं. त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "हिरालाल, या तुमी सारे. तुमी ढिगाऱ्यावर हात बंद केला त गाड्या थांबतीन."

हिरालाल म्हणाला, "भाऊ, आमी आलो होतो ना तुमच्याकडं."

"मी चुकलो," चिंधूभाऊ म्हणाले.

हिरालाल म्हणत होता, भाऊंनी एवढंच म्हटलं, दुसरं काही नाही. पण ते ऐकून त्याला घरात बसवेना. तो निघाला. त्याच्याबरोबर अठरा माणसं निघाली, त्यात सहा बायका. बाकीच्यांनी दारं लोटून घेतली, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मोहटोल्यात कोणालाच नव्हता.

ही एकोणीस माणसं येऊन बाजेभोवती बसली. पाच मिनिटांत मुनशी मोटारसायकलवर आला. काही बोलला नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट पाहून एका चिठ्ठीवर लिहीत गेला आणि परत गेला. ट्रक थांबले नाहीत. फाटकातून नेहमीसारखे भरून बाहेर पडत होते, आणि प्रत्येक ट्रक गेला की बाजेवरच्या पांढऱ्या कापडावर काळा थर बसत होता. हर्षा पदरानं तो झटकत होती. ट्रक गेला की झटकायची. पुन्हा ट्रक, पुन्हा झटकायची.

ऊन उतरायला लागलं. बर्फाचं पाणी होऊन मातीत गेलं होतं. हर्षा उठली, सासऱ्याजवळ आली. त्या दिवसात ती तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"मामाजी, उचला म्हणा."

चिंधूभाऊ गेटाकडे पाहत राहिले. आतून साहेब येईल, कागद येईल, असं अजून वाटत होतं की काय कोण जाणे.

"मामाजी, त्याले घरी नेऊ. पोरगी वाट पाहून राहिली."

त्यांचे ओठ हलले. पण काहीच ऐकू आलं नाही. ज्या आवाजानं बंगल्याच्या खिडक्या लागायच्या तो दोन हातांवर पोचला नाही. तेव्हा हर्षाच वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "उचला." हिरालालनं आणि त्याच्या माणसांनी बाज उचलली. कायम कामगारांपैकी खांदा द्यायला कोणी नव्हतं. मी खिडकीत होतो.

त्या एकोणीस जणांना ठेकेदारानं पंधरा दिवस फाटकातून आत घेतलं नाही. हिरालालला कधीच घेतलं नाही. तो नागपूरला बांधकामावर गेला.

पावसाळा सरता सरता हर्षा कामाला लागली. त्याच ठेकेदाराकडे, त्याच ढिगाऱ्यावर, टोपली उचलायला. दुसरं काम मोहटोल्यात नव्हतं, आणि माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली राहायचं नाही असं तिचं ठरलेलं. चिंधूभाऊंनी तिला अडवलं नाही. अडवणार कोणत्या तोंडानं?

दिवाळीच्या आधी त्यांनी युनियनची सभा बोलावली. नऊ म्हातारे जमले. बिल्ल्याची अट काढून टाकली, तसा ठराव मी लिहिला. नऊही हात वर झाले. मग चिंधूभाऊ मला घेऊन घरी आले. घरातली कामगार आता हर्षाच असल्यामुळे पहिला अर्ज तिचाच भरायचा, असा त्यांचा आग्रह होता. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा जरा उजळला होता. वाटेत मला म्हणाले, "बाबू, आता ठेकेदारीवाले दोनशेच्या वर हायेत. हे पहिली. बाकीचे येतीन मंग."

हर्षा नुकतीच कामावरून आली होती. दारात हात धूत होती, पाणी काळंच पडत होतं. मी पायरीवर बसून कागद मांडीवर घेतला आणि नाव, वय, पत्ता स्वतःच भरून टाकला. सहीपुरती जागा ठेवली. चिंधूभाऊंनी माझा पेन घेऊन तिच्यापुढे धरला.

तिनं पदराला हात पुसले. पेन घेतला नाही.

"मामाजी, मले नोको."

"काहून?"

"मुनशीले समजलं त उद्या मले फाटकावरून वापस लावल. हिरालालदादाले लावलं तसं."

"लावल कसा? मी गेटावर..." चिंधूभाऊ म्हणाले आणि मध्येच थांबले.

ती रागानं बोलत नव्हती, हे सांगायला हवं. दमलेली होती, आणि म्हाताऱ्याला लागू नये असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं पेन त्यांच्या हातातून अलगद घेतला आणि माझ्याकडे दिला. मी तो खिशात ठेवला. अर्ज माझ्या मांडीवर तसाच होता.

"मंग मी काय करू, पोरी?" चिंधूभाऊंनी विचारलं. खरंच विचारत होते. सही येईपर्यंत मुडदा न उचलू देणारा माणूस, पाच इयत्ताही न शिकलेला, आणि मोठमोठ्या साहेबांना काय करायचं ते सांगून ठेवलेला. तो सुनेला विचारत होता.

हर्षानं घरात रुचिताकडे पाहिलं.

"रुचिताले शाळेत नेऊन देत जा. तिची शाळा धा वाजता भरते. मले कामावरून येनं होत नाई, ते एकटीच जाते, रस्त्यानं ट्रक चालतात."

चिंधूभाऊंनी मान हलवली. "धा वाजता," स्वतःशी म्हणाले. मग उठून खोलीत गेले, खुंटीवरचा धुतलेला सदरा काढून झटकला, परत टांगला आणि दारात येऊन मला म्हणाले, "बाबू, माह्याजवळ घड्याळ नाई. मी भोंग्यावर उठणारा माणूस. धा वाजले ते मले कसं समजल?"